यंत्राचा ताप आणि घरचा उपचार

घरांत कोणास ताप आला तर आपण आधीं तापमापक लावून तो किती आहे तें पाहतों, अंथरूण वाऱ्याकडे हलवितों, आणि मग डॉक्टरांस बोलवावयाचें कीं काढ्यावर भागवावयाचें तें ठरवितों. हल्लीं पुष्कळ घरांत एक तापट पाहुणा कायमचा वस्तीस आला आहे. त्याच्या बाबतींत मात्र ही सरळ रीत आपण विसरतों. एक तर त्याच्याकडे लक्षच देत नाहीं, किंवा तो बंद पडला कीं एकदम त्याच्या उत्तरक्रियेच्या गोष्टी बोलूं लागतों. हा पाहुणा म्हणजे संगणकाच्या पेटींतील ग्राफिक्स कार्ड.

पडद्यावरील चित्र रंगविण्याचें काम मुख्य प्रोसेसरकडून काढून घेऊन तें स्वतंत्रपणें करणारें हें कार्ड. १९९९ सालीं एनव्हिडिया कंपनीनें आपलें जीफोर्स २५६ बाजारांत आणतांना ‘जीपीयू’ हें नांव रूढ केलें, आणि पुढील पाव शतकांत त्याचा कारभार असा वाढला कीं, चित्रें काढणें हें आतां त्याच्या अनेक कामांपैकीं एक होऊन बसलें आहे. वडीलधाऱ्या मंडळींची समजूत अशी असते कीं, हें सारें पोरांच्या खेळाचें खूळ. ती अर्धीच खरी आहे. त्याच कार्डावर घरची मुलगी स्थापत्याच्या अभ्यासासाठीं इमारतीचा त्रिमिति आराखडा फिरवून पाहते, सून चित्रफितींचें संकलन करून चार पैसे मिळविते, आणि धाकटा चिरंजीव कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रयोग करतो. शिवाय त्याची किंमत! बरेंसें कार्ड घेऊं म्हटलें तर पंचवीस-तीस हजार रुपये सहज लागतात, आणि चढत्या श्रेणीचा विचार करूं लागल्यास घेरी यावी.

कोल्हापूरच्या दक्षिणेस, गारगोटीच्या रस्त्यावर कळंबा आहे. एके काळीं शहरास पाणी देणारा तलाव आणि मध्यवर्ती कारागृह एवढीच ज्याची बाहेरगांवीं ओळख, त्या गांवाभोंवतीं आतां चांगल्या वसाहती झाल्या आहेत. तेथील आमच्या परिचयाच्या एका एकत्र कुटुंबांत एप्रिल महिन्यांत मोठा पेच पडला. अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाच्या मुलाचें कार्ड वीस मिनिटें काम केलें कीं पंख्याचा आक्रोश करून पडदा काळा करी. प्रकल्प सादर करावयास तीन आठवडे उरलेले. दुकानदारानें पाहतांक्षणीं निदान केलें, “गेलें, नवें घ्या.” आजोबांचें निदान, खेळ बंद केला कीं यंत्र आपोआप बरें होईल. आईच्या डोळ्यांपुढें पुढील सहामाहीच्या फीचा आंकडा. आणि मुलानें कोठें तरी असें ऐकलेलें कीं, मेलेलें कार्ड भट्टींत भाजलें असतां जिवंत होतें. तो स्वयंपाकघरांत जाऊन म्हणाला, “काकू, तुझा ओव्हन दहा मिनिटें देतेस का?” काकू शहाण्या, त्यांनीं ओव्हन दिला नाहीं, आम्हांस विचारावयास पाठविलें.

ह्या भाजण्याच्या उपचाराचा उगम समजून घेण्याजोगा आहे. कार्डावरील मुख्य चिप आपल्या पायाशीं डाखाच्या शेंकडों सूक्ष्म टिपक्यांनीं जोडलेली असते. चिप तापते तेव्हां फुगते, निवते तेव्हां आकसते. वर्षानुवर्षें असें झालें कीं एखाद्या टिपक्यास तडा जातो. २००८ सालच्या जुलैमध्यें खुद्द एनव्हिडियानें लॅपटॉपमधील आपल्या कांहीं चिपांत असा दोष निघाल्याचें जाहीर करून, त्याच्या भरपाईसाठीं पंधरा ते वीस कोटि डॉलर बाजूस काढले होते. त्या काळांत कोणीं कार्ड भट्टींत घातलें, तें चाललें, आणि कीर्ति पसरली. परंतु शिसें नसलेला डाख वितळावयास सुमारें २१७ अंश उष्णता लागते. घरच्या भट्टींत दोनशें अंशांवर तो वितळत नाहींच. तापल्यामुळें भाग किंचित् हलतात, तडा गेलेलीं टोंकें काहीं दिवस एकमेकांस टेकतात, आणि रोगी उठून बसल्याचा भास होतो. आठ-पंधरा दिवसांत पुन्हां तेंच. मधल्या काळांत प्लॅस्टिक, रोगण व डाखाबरोबरच्या रसायनांची वाफ त्या भट्टीच्या भिंतींवर बसलेली असते, आणि नंतर तींतच नानकटाई भाजावयाची! ही गोष्ट आमच्या वाचकांच्या घरीं होऊं नये एवढ्यासाठीं जरी हा लेख वाचला गेला तरी आम्हांस समाधान आहे.

बरें, भट्टी नको, तर मग काय? येथें कार्ड तापतें कसें हें पाहिलें पाहिजे. मध्यम प्रतीच्या कार्डास, उदाहरणार्थ आरटीएक्स ३०६० ला, भर कामांत सुमारें १७० वॅट वीज लागते. त्यापैकीं बहुतेक उष्णता अंगठ्याच्या नखाहून थोड्या मोठ्या चिपेंतून निघते. परटाची हजार वॅटची इस्त्री घेतली तर तिचें बूड मोठें. चौरस सेंटिमीटरच्या हिशेबानें पाहतां ही चिप इस्त्रीच्या आठपट तरी ताप सोशीत असते. ती जळून जात नाहीं याचें श्रेय वरच्या तांब्या-ॲल्युमिनियमच्या पात्यांस आणि पंख्यांस. चिपेकडून तांब्यांत, तांब्यांतून पातळ पात्यांत, पात्यांवरून वाऱ्यांत अशी उष्णतेची पालखी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जाते. एक खांदा चुकला कीं पालखी तेथेंच बसते.

बहुधा चुकतो तो शेवटचा खांदा, म्हणजे वारा. कळंब्याच्या त्या पेटीचें झांकण काढलें तेव्हां पात्यांच्या मधल्या फटी दिसेनातच. धूळ, केंस आणि उदबत्तीची राख यांचा जणूं नमदा बसलेला. पेटी ठेवलेली देवघराशेजारच्या भिंतींतील कपाटांत, आणि दिसावयास बरें म्हणून कपाटास दार! बिचारें कार्ड आपलाच उच्छ्वास पुन्हां पुन्हां आंत ओढीत होतें. कोल्हापूरचा उन्हाळा सोलापूर-नागपुरासारखा क्रूर नव्हे, पण एप्रिलांत तोही सदतीस-अडतीस अंशांस पोंचतो, आणि बंद कपाटांत तो आणखी चढतो. यास्तव आमचें सांगणें असें कीं, कार्डावर कांहीं करण्यापूर्वी पेटीस जागा द्यावी. भिंतीपासून वीतभर दूर, जमिनीपासून थोडी उंच, दार नसलेल्या ठिकाणीं. ह्यास एक पैही लागत नाहीं.

स्वच्छता हें गृहिणींचेंच शास्त्र; तेथें आम्हीं शिकवावें असें थोडें आहे. तरी दोन गोष्टी. वीज बंद करून, तार काढून, पेटीच्या उघड्या धातूस हात लावून मग आंत हात घालावा. थंडीच्या कोरड्या दिवसांत अंगावरील स्थिर विजेची एक ठिणगी चिपेस पुरते. लोकरी शालीसह कार्डास शिवूं नये, हें सोंवळें खरेंखुरें पाळावयाचें आहे. दुसरें असें कीं, ब्लोअरनें धूळ उडवितांना पंख्याचें पातें बोटानें धरून ठेवावें. वाऱ्यानें तो भलत्या वेगानें फिरला तर त्याचे बेअरिंग खराब होतात. पंखा कुरकुरत असेल तर पुष्कळदां त्याच्या मध्यावरील कागदी चिकटपट्टीखालीं शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब दिला असतां तो गप्प होतो. एकच थेंब, पोळीस लावतात तसें नव्हे.

तेवढ्यानें भागलें नाहीं तर चिप आणि तांबें यांच्यामधील लेप बदलावा लागतो. दोन्ही पृष्ठभाग डोळ्यांस कितीही गुळगुळीत दिसले तरी त्यांत सूक्ष्म खाचा असतात, आणि खाचेंत हवा. हवेइतका वाईट उष्णतावाहक शोधून सांपडणें कठीण. ती हवा हुसकून देण्यासाठीं थर्मल पेस्ट नांवाचा लेप असतो. तीन-चार वर्षांत तो वाळून पापडासारखा होतो किंवा कडांकडे सरकतो. कार्डाचें तापमान दाखविणारे प्रोग्राम फुकट मिळतात; त्यांत चिपेचें सरासरी तापमान आणि तिच्या सर्वांत उष्ण बिंदूचें तापमान यांत वीस-पंचवीस अंशांहून अधिक अंतर पडूं लागलें कीं लेप संपला असें समजावें. जुना लेप आयसोप्रोपिल अल्कोहोलनें पुसून नवा लावावा तो कल्हईसारखा पातळ. जाड लेप म्हणजे थंडीच्या रात्रीं दिलेली दुलई. स्मरणचिपांवर मात्र लेप नसून मऊ पट्ट्या असतात. त्यांची जाडी अर्धा, एक, दीड मिलिमीटर अशी ठरलेली. अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली तरी तांबें मुख्य चिपेवर टेकत नाहीं आणि केलें तेवढें काम उलटतें. उद्यमनगरांतील एखाद्या ओळखीच्या कारागिराकडून व्हर्निअर आणून जाडी मोजावी. हमीची मुदत बाकी असेल तर मात्र पेच काढण्यापूर्वी विक्रेत्यास विचारणें इष्ट.

औषधांतील सर्वांत गुणकारी औषध पेचकसाशिवायच देतां येतें, आणि त्याची जाहिरात कोणी करीत नाहीं. कारखान्यांतून निघतांना कार्डास गरजेपेक्षां थोडा अधिक विद्युद्दाब दिलेला असतो, कारण प्रत्येक चिप सारखी निपजत नाहीं आणि कंपनीस सर्वांत दुबळीचीही काळजी असते. आफ्टरबर्नरसारख्या प्रोग्रामनें तो दाब हळूहळू उतरवितां येतो. उष्णता दाबाच्या वर्गाच्या प्रमाणांत असते. म्हणजे वेग तोच ठेवून दाब दहा टक्के उतरविला तर दहाचा नव्हे, जवळ जवळ एकोणीस टक्क्यांचा ताप उतरतो. यंत्र अडखळूं लागल्यास एक पायरी मागें यावें, इतकेंच पथ्य. चित्राच्या वेगांत फरक पडतो तो सहसा डोळ्यांस कळत नाहीं. दुपारीं वामकुक्षी करणाऱ्या आजोबांच्या कानांस मात्र लगेच कळतो.

कोल्हापूरकर एवढ्यावर थांबेल असें आम्हांस वाटत नाहीं. ह्याच शहरांत १९१८च्या सुमारास बाबूराव पेंटर यांनीं चलच्चित्राचा कॅमेरा स्वतः घडविला आणि १९२० सालीं ‘सैरंध्री’ चित्रपट पडद्यावर आणला. इंजिनें आणि ओतकाम यांवर तर अर्धें शहर पोसलें आहे. तेव्हां मुलें कार्डावरील प्लॅस्टिकचें आवरण व चिमुकले पंखे काढून त्या जागीं १२० मिलिमीटरचे दोन मोठे पंखे नायलॉनच्या पट्ट्यांनीं बांधतात, याचें आम्हांस कौतुक आहे. मोठा पंखा सावकाश फिरूनही तितकाच वारा देतो, व आवाज कमी. पाण्यानें थंड करण्याच्या हौसेबद्दल मात्र आम्ही साशंक आहोंत. पुण्याच्या आयसर संस्थेंतील ‘परम ब्रह्म’ महासंगणकांत द्रव थेट चिपेवरील पात्रांतून खेळवितात, पण तेथें त्याची देखरेख करणारा वर्ग आहे. आपल्या घरीं नळीचा सांधा सुटला तर पाहणारें कोणी नसतें, आणि पाणी तापलेल्या कार्डावर पडतें.

एक पेटी मात्र कोणींही, कितीही हुषार असला तरी, उघडूं नये. ती म्हणजे वीजपुरवठ्याची, जिला सगळे एस. एम. पी. एस. म्हणतात. तार काढल्यावरही तिच्यांतील कपॅसिटर तीनशें व्होल्टच्या आसपास भरलेले राहूं शकतात. तसेंच कार्डाच्या चिपेचा डाख उखडून पुन्हां बसविणें हें सूक्ष्मदर्शक व नियंत्रित उष्ण हवेचें यंत्र असलेल्या कुशल दुरुस्तकाचें काम. तेथें घरचा उपचार संपतो.

कळंब्याचें तें कार्ड मेलें नव्हतेंच. झाडलोट, नवा लेप, थोडा उतरविलेला दाब आणि कपाटाबाहेरची जागा एवढ्यानें तें सत्याऐंशी अंशांवरून एकाहत्तरावर आलें. खर्च आठशें रुपयांच्या आंत. सारें काम मुलानें केलें, आजोबा चष्मा लावून पेच मोजीत बसले होते, आणि चौदांपैकीं तेरा मिळाल्यावर चौदावा त्यांच्याच पायाखालीं निघाला. खोली मात्र पूर्वीइतकी नसली तरी उकडतेच, ही आईची तक्रार अगदीं रास्त आहे. कार्ड निवालें म्हणजे उष्णता नाहींशी झाली असें नव्हे. ती खोलींत आली. दोनशें वॅटचें कार्ड चालू असणें म्हणजे दोन माणसें आणखी येऊन बसल्यासारखें आहे, आणि पांच तासांत विजेचें एक युनिटही जातें. खिडकी उघडावी.

जुनें कार्ड विकत घेणाऱ्यांस एक सूचना. २०२२च्या सप्टेंबरांत इथेरियम ह्या आभासी चलनाची पद्धत बदलली आणि त्याच्या खाणकामास जुंपलेलीं असंख्य कार्डें बाजारांत आलीं. त्यांतील कांहीं अजून हात बदलीत फिरतात. तीं सगळींच वाईट नसतात, पण पंखे झिजलेले व पट्ट्या वाळलेल्या असण्याचा संभव फार. अर्धा तास भर कामावर चालवून, तापमान डोळ्यांनीं पाहूनच पैसे द्यावे.

आणि जें खरोखरीच मेलें असेल तें भंगारवाल्याच्या हातगाडीवर टाकूं नये. २०२३च्या एप्रिलपासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नव्या नियमांप्रमाणें अशी वस्तू नोंदणीकृत पुनर्वापरकर्त्याकडेच जावयास हवी. उघड्यावर तार जाळून तांबें काढणाऱ्यांच्या धुरांत पोरेंबाळें उभीं असतात. त्यापूर्वीं पंखे आणि पात्यांचा ठोकळा काढून ठेवावा. दुसऱ्या कार्डास उपयोगीं पडतो.