आधी भाषांतर, मग वर्गणी

जपानी खेळ इंग्रजीत आणण्यासाठी २०१२ साली किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर दोन मोहिमा निघाल्या. एक होती सोनीच्या पीएसपी या हातातल्या यंत्रावरच्या ‘क्लास ऑफ हीरोज २’ची. मंकीपॉ आणि गायजिनवर्क्स या दोन छोट्या प्रकाशकांनी तिच्यासाठी ५ लाख डॉलर मागितले आणि त्याचा पाव हिस्साही जमला नाही. दुसरी होती ‘तेन्रा बान्शो झीरो’ची. टेबलाभोवती बसून, पात्रे वठवत खेळायचा हा खेळ. तिथे मागणी अवघ्या ९ हजार डॉलरची होती आणि जमले १ लाख २९ हजारांहून अधिक. एवढी तफावत केवळ खेळाच्या लोकप्रियतेने पडत नाही, कारण जपानबाहेर दोन्ही नावे मूठभरांनाच ठाऊक होती. फरक तयारीचा होता. तेन्राच्या जाडजूड ग्रंथाचे भाषांतर अँडी किटकोव्हस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कित्येक वर्षे खपून मोहिमेआधीच जवळजवळ हातावेगळे केले होते. लोकांकडे पैसे मागितले ते मुख्यतः छपाईसाठी. ‘हीरोज’ची मोहीम फसली, तरी २०१३ मध्ये तो खेळ डिजिटल स्वरूपात इंग्रजीत आलाच. निदान त्या आवृत्तीसाठी तरी ५ लाखांवाचून अडले नव्हते.

त्यानंतरच्या काळाकडे पाहताना माझे मत या दोन उदाहरणांभोवतीच पक्के होत गेले आहे. मोजक्या वाचकांच्या खेळासाठी छोट्या प्रकाशकाने लोकवर्गणी जरूर मागावी, पण ती शेवटच्या टप्प्यासाठी. भाषांतर संपत आलेले असावे, मूळ हक्कधारकाशी करार झालेला असावा आणि उरलेला खर्च पानांच्या, प्रतींच्या हिशेबात मांडता यावा. मराठी प्रकाशक प्रकाशनपूर्व सवलतीत ग्रंथाची नोंदणी करतात तेव्हाही हस्तलिखित तयार आहे, हाच वाचकाचा विश्वास असतो.

लोकवर्गणीला खरा बहर आला तो व्हिज्युअल नॉव्हेल, म्हणजे चित्रांसोबत कथा वाचत जायच्या खेळांच्या प्रकारात. सेकाई प्रोजेक्ट या प्रकाशकाने २०१४ च्या अखेरीस ‘क्लॅनाड’साठी १ लाख ४० हजार डॉलर मागितले आणि ५ लाख ४१ हजार मिळवले. पाठोपाठ ‘ग्रिसाया’ मालिकेला पावणेपाच लाख मिळाले. २०१५ मध्ये ‘मव्ह-लव्ह’ने अडीच लाखांचे उद्दिष्ट ठेवले आणि साडेबारा लाखांचा टप्पा ओलांडला. या यशाचे मोल मी कमी लेखत नाही. ‘क्लॅनाड’ जपानमध्ये २००४ साली आले होते. अकरा वर्षे चाहत्यांच्या अनधिकृत भाषांतरांवर तहान भागवणाऱ्यांना २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये अधिकृत इंग्रजी आवृत्ती मिळाली. इंग्रजीत लांबलचक कथा वाचायला कोणी पैसे मोजणार नाही, ही समजूत त्या आकड्यांनी मोडीत काढली.

पण आकडा फुगला की कामाचा पसाराही फुगतो. या खेळांचे भाषांतर म्हणजे नुसता मजकूर उतरवणे नव्हे. जपानी लिपीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत आणि ओळ बहुतेक कुठेही तोडता येते. त्याच हिशेबाने बांधलेल्या, खेळ चालवणाऱ्या इंजिनात इंग्रजी वाक्य घातले की शब्द मधोमध तुटतो, तळाची ओळ चौकटीबाहेर जाते, आणि जपानीत दोन ओळींत मावलेला संवाद इंग्रजीत चार ओळी मागतो. मग चौकट, टंक, मेनू आणि चित्रांत कोरलेला मजकूर सगळेच दुरुस्त करावे लागते, आणि प्रत्येक दुरुस्तीनंतर कथेच्या सगळ्या फांद्या पुन्हा तपासाव्या लागतात. त्यात मोहिमेच्या उत्साहात वाढीव उद्दिष्टांची आश्वासने दिली जातात: आणखी एक उपकथा, चित्रांचे पुस्तक, भिंतीवर टांगायचे कापडी चित्र, आणखी एका यंत्रावरची आवृत्ती. ‘मव्ह-लव्ह’चे दोन मुख्य भाग स्टीम या ऑनलाइन दुकानात यायला २०१६ आणि २०१७ उजाडले. सोनीच्या व्हिटा या हातातल्या यंत्रासाठीची आवृत्ती २०१८ मध्ये आली, आणि पुढच्याच वर्षी सोनीने ते यंत्र बनवणे बंद केले. वर्गणी भरताना जे आश्वासन आकर्षक वाटले होते, ते पुरे होईपर्यंत त्याची बाजारपेठच आटली होती.

पैशांचा हिशेबही उघडपणे मांडायला हवा. जमलेल्या रकमेतून किकस्टार्टर ५ टक्के घेते, पैसे वळते करण्याचा खर्च साधारण ३ ते ५ टक्के. म्हणजे लाखामागे आठ-दहा हजार पहिल्याच दिवशी गेले. त्यापुढे हक्कधारकाचा वाटा, भेटवस्तूंची निर्मिती आणि परदेशी टपाल. पुन्हा, अशा खेळाचे बहुतेक गिऱ्हाईक मोहिमेतच येऊन गेलेले असते. नंतरच्या विक्रीवर डोळा ठेवून मोहिमेची सगळी पुंजी भेटवस्तूंत उडवणारा प्रकाशक पुढच्या खेळाला रिकाम्या हाताने सामोरा जातो. हक्कधारकाचा वाटा थकला तर काय होते, तेही पाहा: फ्रान्समध्ये ‘कॉल ऑफ कथुलू’ या टेबलावरच्या खेळाच्या फ्रेंच आवृत्त्या लोकवर्गणीतून काढणाऱ्या साँ-देतूर या प्रकाशकाचा परवाना, देणी थकवल्याचे कारण देऊन, मूळ प्रकाशक केऑसियमने २०१८ च्या अखेरीस रद्द केला. वर्गणीदारांचा करार भाषांतरकर्त्या प्रकाशकाशी असतो, हक्क मात्र तिसऱ्याच्या हाती असतात. हा धोका मोहिमेच्या पानावर ठळकपणे लिहिलेला फार क्वचित दिसतो.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. छोट्या प्रकाशकाकडे भाषांतर आधी करून घेण्याइतके पैसे असते, तर तो वर्गणी मागायला आलाच कशाला असता? आणि तेन्राचे उदाहरण तर वर्षानुवर्षांच्या फावल्या वेळातल्या, मोबदल्याशिवायच्या श्रमांचे आहे; तो कोणाचा आदर्श कसा ठरेल? हे मला मान्य आहे. भाषांतरकाराने फुकट राबावे, असे मी मुळीच म्हणणार नाही. पण यावरचा उपाय मोठी मोहीम नव्हे, लहान खेळ आहे. दोन-तीन माणसांच्या कार्पे फुल्गरने ‘रेसेटियर’ हा छोटा स्वतंत्र खेळ वर्गणीशिवाय इंग्रजीत आणला. २०१० मध्ये तो स्टीमवर आला आणि काही महिन्यांत त्याच्या लाखावर प्रती खपल्या. ‘द हाउस इन फाता मोर्गाना’ मांगागेमर या प्रकाशकाने २०१६ मध्ये असाच, स्वतःच्या जोरावर आणला. अशा एखाद्या कामाच्या कमाईतून पुढच्या भाषांतराचा मोबदला द्यावा आणि छपाईपुरते वर्गणीदारांकडे जावे. हा मार्ग संथ आहे, पण भाषांतरकाराचे पैसेही बुडत नाहीत आणि वर्गणीदाराचेही.

दुसरा आक्षेप असा की मोहीम हीच हक्कधारकाची मनधरणी करण्याची किल्ली असते, मागणी डोळ्यांनी दिसल्याशिवाय जपानी कंपन्या हलत नाहीत. २०१४ मध्ये यात बरेच तथ्य होते. आज ते उरलेले नाही. ‘क्लॅनाड’ची मालक असलेल्या व्हिज्युअल आर्ट्सने २०२० मध्ये ‘समर पॉकेट्स’ची इंग्रजी आवृत्ती स्वतःच स्टीमवर आणली. मागणी सिद्ध करण्याचे काम त्या पहिल्या मोहिमांनी एकदाच आणि सर्वांसाठी करून ठेवले. आता छोट्या प्रकाशकाच्या वाट्याला येतात ते मोठ्यांनी हात न लावलेले, खरोखर मोजक्या वाचकांचे खेळ. तिथे लाखांची मोहीम मुळात जमणारच नाही. पाचशे प्रतींचा, तयार मजकुराचा, टपालासह हिशेब केलेला प्रस्ताव मात्र जमू शकतो, आणि तसा प्रस्ताव घेऊन येणाऱ्याला वर्गणी देण्यात मला काहीच गैर दिसत नाही.