दक्षिण ध्रुवावरील स्थानकातील समूहजीवन

अमेरिकेने १९५६-५७ मध्ये दक्षिण ध्रुवावर उभारलेल्या अमुंडसेन–स्कॉट स्थानकात हिवाळी मुक्काम करणारे संशोधक, तंत्रज्ञ व इतर कर्मचारी यांचे सामूहिक जीवन. येथे मार्च ते सप्टेंबर सूर्य क्षितिजाखाली असतो. सामान्यतः फेब्रुवारीच्या मध्यापासून ऑक्टोबरअखेरपर्यंत विमानांची ये-जा बंद असते. त्यामुळे आग, आजार वा कलह यांना तेथील सु. ४० रहिवाशांनाच तोंड द्यावे लागते. सार्वजनिक जागांची सफाई सर्वजण पाळीपाळीने करतात. बर्फ वितळवून पाणी मिळवावे लागत असल्याने स्नान आठवड्यातून दोनदा, प्रत्येकी दोन मिनिटे, असा नियम आहे. २१ जूनच्या सुमारास मध्यहिवाळ्याचे सहभोजन होते.

या स्थानकावर स्त्रिया प्रथम १९६९ मध्ये पोहोचल्या. हिवाळी मुक्काम करणारी पहिली स्त्री डॉ. मिशेल रॅनी (१९७९) ही होय. अमेरिकेच्या अंटार्क्टिक कार्यक्रमात लैंगिक छळाची समस्या गंभीर असल्याचे २०२२ च्या शासकीय अहवालाने दाखवून दिले. हिवाळ्यात पीडित व्यक्तीला तेथून निघून जाता येत नाही आणि तक्रार ऐकणाराही बहुधा रोजच्या पंगतीतलाच असतो. म्हणून स्थानकाबाहेरील गोपनीय साहाय्याची सोय करण्यात आली. अशा वस्तीत निर्भयपणे तक्रार करता येणे हे अग्निशामक व्यवस्थेइतकेच आवश्यक ठरते.