खोडावर चढणारे पक्षी : साम्य आणि नाते

पळसदेवसारख्या कोरड्या मुलखातील बाभळींवर आढळणाऱ्या पिवळ्या कपाळाच्या सुतार पक्ष्याला लॅथमने १८०१ मध्ये मराठ्यांच्या प्रदेशावरून ‘महरट्टेन्सिस’ हे नाव दिले. शेपटीची ताठ पिसे खोडाला टेकवून तो वर चढतो. मध्य व दक्षिण अमेरिकेतील काष्ठारोही पक्षीही हेच करतात. त्यांचा गण मात्र चिमणीचा होय. सुताराची दोन बोटे पुढे, दोन मागे. काष्ठारोहीची तीन पुढे, एक मागे. पहिला लाकूड पोखरतो, दुसरा बहुधा सालीच्या फटी धुंडाळतो व घरट्यासाठी आयती ढोली शोधतो. तेव्हा शेपटीचे साम्य हा नात्याचा पुरावा नव्हे. समान कार्यातून ते स्वतंत्रपणे उद्भवले आहे. सुतार आपली ढोली बहुधा वठलेल्या लाकडात कोरतो. असे लाकूड सरपणाला गेले, की त्याच्या जुन्या ढोलीत राहणाऱ्या इतर पक्ष्यांचाही आसरा जातो.