हिरव्या कुरणांखालचे पाणी

दावणीला बांधलेल्या गाईपेक्षा मोकळ्या कुरणात चरणारी गाय निसर्गाला अधिक जवळची वाटते. न्यूझीलंडच्या दुग्धव्यवसायाची कीर्ती याच चित्रावर उभी आहे. मात्र कुरण हिरवे असले म्हणून त्याखालचे पाणी निर्मळ राहतेच असे नाही, याचा अनुभवही त्याच देशाला आला आहे.

न्यूझीलंडमध्ये १९९० साली दुग्धव्यवसायातील गुरांची संख्या सुमारे ३४ लाख होती. २०१४ पर्यंत ती ६७ लाखांच्या घरात गेली. दक्षिण बेटावरील कँटरबरी प्रांतात ही वाढ विशेष झाली. मेंढपाळी आणि धान्यशेतीच्या या कोरड्या मैदानावर सिंचन व युरिया आला आणि तीन दशकांत तेथील दुभती गुरे सुमारे एक लाखावरून बारा लाखांवर पोहोचली.

समस्येचे मूळ नत्रात आहे. चाऱ्यातील नत्राचा थोडाच अंश दुधात उतरतो. बाकीचा बहुतांश मलमूत्रावाटे बाहेर पडतो. गोमूत्र पडलेल्या लहानशा जागेत नत्राची मात्रा हेक्टरी हिशेबाने ६०० ते १००० किलोपर्यंत जाऊ शकते. एवढे नत्र गवताला शोषता येत नाही. मातीत त्याचे नायट्रेट होते आणि ते पाण्याबरोबर मुळांखाली झिरपते. कँटरबरीची जमीन उथळ व गोट्यांची असल्याने त्याला भूजलापर्यंतची वाट सहज मिळते. ग्रामीण कुटुंबे हेच पाणी कूपनलिकांतून पितात. पाण्यात नायट्रेट फार वाढल्यास तान्ह्या बाळांच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटते. तेच नत्र झऱ्यांवाटे नद्यांत उतरले की शेवाळ माजते.

२००३ च्या करारानंतर ओढ्यांच्या काठांना कुंपणे घालण्यात आली. त्यामुळे शेण, गाळ आणि स्फुरद पाण्यात जाण्यास आळा बसला. जमिनीखालून जाणारे नायट्रेट मात्र कुंपणाने अडत नाही. २०२१ पासून कुरणांवरील कृत्रिम नत्रखतावर वार्षिक हेक्टरी १९० किलोंची मर्यादा आहे. इसबगोलाच्या जातकुळीतील प्लँटेन ही वनस्पती कुरणात लावल्यास नत्राची गळती कमी होते, असेही आढळले आहे.

तरीही हे उपाय एका मर्यादेपर्यंतच पुरतात. जमीन हेक्टरी किती गाईंचा भार सोसू शकते, हा हिशेब टाळता येत नाही. शिवाय नायट्रेटचा भूगर्भातील प्रवास संथ असतो. आजच्या संयमाचे फळ विहिरीत दिसण्यास काही वर्षे, क्वचित दशकेही लागतात. तोवर कालच्या अतिरेकाचे पाणी प्यावे लागते.