विद्यार्थी, पोलीस ठाणे आणि वकील

१९३८ च्या अखेरीस हैदराबाद संस्थानात उस्मानिया विद्यापीठाने वसतिगृहांत ‘वंदे मातरम्’ म्हणण्यास बंदी केली आणि ती न जुमानणाऱ्या शेकडो विद्यार्थ्यांची नावे पटावरून कमी केली. नागपूर विद्यापीठाने त्यांना आसरा दिला. त्या चळवळीमुळे नागपुरास गेलेल्यांपैकी पी. व्ही. नरसिंह राव यांनी पुढे तेथेच कायद्याची पदवी घेतली. ती शिक्षा शिस्तभंगाची होती. एक दार लागले तर दुसरे उघडत असे.

फौजदारी खटल्याचे तसे नाही. तो विद्यार्थ्याबरोबर गावोगाव जातो. पारपत्राचा अर्ज त्यामुळे अडतो, सरकारी नोकरीच्या फॉर्मात त्याविषयी रकाना असतो. रॅगिंगचेच पाहावे. १९९७ चा आंध्र प्रदेशाचा कायदा आज तेलंगणातही लागू आहे. नवागताची नुसती टिंगल केली तरी सहा महिने कैद होऊ शकते. छळापायी कोणी आत्महत्या केली तर जन्मठेपेपर्यंत. सहा महिन्यांहून अधिक शिक्षा झालेल्यास दुसरी कोणतीही संस्था प्रवेश देऊ शकत नाही. त्याला नागपूर उरत नाही.

गौलीगुडा हा मूसीकाठचा, मराठी घरांचा जुना भाग. शेजारीच महात्मा गांधी बसस्थानक; मराठवाड्याची मुले तेथे उतरतात आणि खोली घेऊन शिकतात. अशा मुलाला ठाण्यावर नेले की वडील नांदेडला आणि पुढे आलेला कागद तेलुगूत, असा प्रसंग येतो. घाबरून तो दाखविलेल्या जागी सही करतो. वास्तविक तपासात पोलिसांनी नोंदविलेल्या जबाबावर सही घ्यावयाची नसते, असे कायदाच सांगतो. अटकेच्या पत्रकावरील सही निराळी. तीही मजकूर समजावून घेऊनच करावी.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार अटकेचे कारण सांगणे, घरच्यांस वा मित्रास कळविणे आणि प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करणे पोलिसांवर बंधनकारक आहे. कलम ३८ प्रमाणे चौकशी चालू असताना आपल्या पसंतीच्या वकिलास भेटता येते. वकील सारा वेळ शेजारी बसेल असे मात्र नाही. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात पुष्कळदा अटक न करता हजर राहण्याची नोटीस येते. ती घरात दडवून ठेवणे फार महागात पडते, कारण हजर न राहणे हेच अटकेस निमित्त होते.

वयाचाही प्रश्न आहे. येथे ‘इंटर’ची मुले सोळा-सतरा वर्षांची असतात आणि त्यांनाही कॉलेजकुमार म्हणतात. अठरा पूर्ण नसतील तर प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते. तेव्हा दहावीचे प्रमाणपत्र प्रथम शोधावे. अठरा झाली असतील तर वकीलपत्रावर सही मुलाचीच लागते, वडिलांची नव्हे.

वकील कोणता? नात्यात एखादे वकील असतातच. पण जन्मभर शेतीच्या बांधाचे दावे चालविलेले गृहस्थ जामिनाच्या अर्जास उपयोगी पडतीलच असे नाही. फौजदारी काम करणारा, त्याच न्यायालयात रोज उभा राहणारा वकील पाहावा. निर्दोष सुटकेची हमी देणाऱ्यापासून दूर राहावे. निवडलेल्याला मात्र सारे खरे सांगावे. अशिलाने विश्वासाने सांगितलेले त्याच्या संमतीवाचून वकिलास उघड करता येत नाही.

पैशांअभावी कित्येक घरे वकिलाचा विचारच सोडून देतात. १९८७ च्या विधिसेवा प्राधिकरण कायद्याखाली कोठडीत असलेल्या कोणासही उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळू शकतो. मुलींना व अल्पवयीनांना तर कोठडीबाहेरही. त्यासाठी जिल्हा विधिसेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो, किंवा १५१०० या क्रमांकावर दूरध्वनी. दंडाधिकाऱ्यापुढे पहिल्यांदा उभे राहतानाही आरोपीने ‘मला वकील नाही’ एवढे म्हटले तरी पुरते.