जिंकण्याचे ओझे

आमच्या लहानपणी घरात ‘रेस’ हा शब्द उच्चारायचीही चोरी होती. ‘रेसच्या नादी लागला’ म्हणजे तो मनुष्य संपलाच! आम्हा मध्यमवर्गीयांचा घोड्याशी संबंध लग्नाच्या वरातीपुरता. आणि तो घोडाही भाड्याचा. अशा घरातल्या मराठीच्या मास्तराने शर्यतीच्या घोड्यावर लिहावे, याचे वाचकांना नवल वाटेल. पण मला आधी मोह पडला तो नावाचा. ‘फार लॅप’! यातला ‘फार’ आपला नव्हे बरे का. हे नाव सयामी भाषेतले. अर्थ, आकाशात चमकणारी वीज.

ही वीज १९२६ साली न्यूझीलंडमध्ये टिमारूजवळ जन्मली. सिडनीचा हॅरी टेलफर्ड हा घोडे शिकवणारा. पदरी पैसा नाही, पण घोड्याच्या वंशावळीवर दांडगा विश्वास. त्याने डेव्हिड डेव्हिस नावाच्या अमेरिकन व्यापाऱ्याला गळ घातली आणि १९२८ साली हे शिंगरू १६० गिनींना घेतले. जहाजातून उतरले ते काय? लुकडे, बेढब, तोंडावर चामखिळी! डेव्हिस असा संतापला, की शिकवणीचा खर्च देईना. अखेर टेलफर्डने घोडा तीन वर्षांच्या कराराने आपल्याकडे ठेवला. पहिल्याच शर्यतीत स्वारी आली शेवटची!

पण टॉमी वुडकॉक या तरुण मोतद्दाराचा त्याच्यावर जीव जडला. जगाचा ‘फार लॅप’ त्याचा मात्र ‘बॉबी’. हळूहळू बॉबीला सूर सापडला, आणि मग तो आवरेना. एकूण ५१ शर्यतींपैकी ३७ त्याने जिंकल्या. ते दिवस जागतिक मंदीचे. हाताला काम नसलेली माणसे या तांबड्या घोड्याच्या विजयात आपले दुःख विसरत.

आता शर्यतीतली एक गंमत सांगतो. गंमत कसली, क्रूर न्यायच तो! ‘हँडिकॅप’ शर्यतीत चांगल्या घोड्यावर जास्त वजन लादतात. स्वार हलका असला तर खोगिरात शिसे घालून ते भरून काढतात. सगळ्यांना सारखी संधी मिळावी, हा हेतू. म्हणजे जिंकाल तितके ओझे वाढणार! १९३० च्या मेलबर्न कपसाठी फार लॅपवर सुमारे साडेबासष्ट किलो वजन होते. कपाच्या तीन दिवस आधी, १ नोव्हेंबरच्या सकाळी, टॉमी त्याला घेऊन येत असता मोटारीतून कुणी गोळी झाडली. नेम चुकला. त्याच दिवशी दुपारी घोडा शर्यत जिंकला, आणि मंगळवारी कपही!

१९३१ साली वजन ६८ किलोंवर गेले. त्या ओझ्याखाली विजेचीही गती मंदावली. तो आठवा आला.

मग त्याला समुद्रापार नेले. २० मार्च १९३२ रोजी मेक्सिकोतल्या तिहुआना येथे, खूर दुखावलेला असतानाही, त्याने मोठी शर्यत मारली. पुढे अवघ्या सोळा दिवसांनी, ५ एप्रिलला, कॅलिफोर्नियात तो तडफडून मेला. टॉमी शेजारीच होता. पुढे २००८ साली शास्त्रज्ञांनी त्याच्या केसांची तपासणी प्रसिद्ध केली: मृत्यूपूर्वी एकदोन दिवसांत बराच सोमल पोटात गेला होता. विष घातले की औषधाची मात्रा चुकली, हा वाद मिटलेला नाही. त्या काळी घोड्यांच्या शक्तिवर्धक औषधांत सोमल असेच.

मेल्यावरही वाटणी झाली. कातडे मेलबर्नला, सांगाडा वेलिंग्टनला, हृदय कॅनबेराला. ते हृदय सहा किलोंहून अधिक भरले, साधारण घोड्याच्या जवळजवळ दुप्पट!

ही वजने वाचताना मला वर्गातली मुले आठवतात. एखादा पहिला आला, की पेढे संपण्याआधीच आपण त्याच्या पाठीवर पुढच्या परीक्षेचे शिसे चढवतो. चढवू नये असे म्हणण्याचा अधिकार मला नाही. मीही मास्तर आहे, आणि बापही. पण निदान आठवा आल्या दिवशी त्याला ‘बॉबी’ म्हणून जवळ घेणारे घरात कुणीतरी असावे.