पेनिसिलिनचा शोध : योगायोग आणि पूर्वतयारी
पेनिसिलिनचा शोध अनेकदा निव्वळ नशिबाचा भाग म्हणून सांगितला जातो. सप्टेंबर १९२८ मध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग सुट्टीवरून लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयातील प्रयोगशाळेत परतले. स्टॅफिलोकोकस जिवाणू वाढवलेल्या एका काचेच्या बशीत बुरशी धरली होती आणि तिच्याभोवतीचे जिवाणू नष्ट झाले होते.

बुरशी लागलेली बशी एरवी धुऊन टाकली जाते. फ्लेमिंग यांनी ती जपून ठेवली. पहिल्या महायुद्धात जखमा चिघळून दगावणारे सैनिक त्यांनी पाहिले होते. १९२१ मध्ये नाकातील स्रावात जिवाणू विरघळवणारे लायसोझाइम त्यांनाच सापडले होते. त्यामुळे बुरशीभोवतीच्या रिकाम्या जागेचा अर्थ त्यांच्या चटकन लक्षात आला.

मात्र बुरशीतील ते द्रव्य, म्हणजेच पेनिसिलिन, शुद्ध करणे त्यांना जमले नाही. ते काम १९३९ पासून ऑक्सफर्डमध्ये हॉवर्ड फ्लोरी, अर्न्स्ट चेन आणि सहकाऱ्यांनी चिकाटीने केले. १९४५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल फ्लेमिंग, फ्लोरी आणि चेन यांना मिळाले.

बशीत बुरशी पडणे हा योगायोग होता. तिचे महत्त्व ओळखणारी नजर मात्र अनेक वर्षांच्या अभ्यासातून घडली होती. संधी कोणाच्याही वाट्याला येते, तिचे सोने तयारीत असलेला माणूसच करतो.